आधी प्रवासी, मग पर्यटक : डांगच्या नॅरोगेज रेल्वेचा ऱ्हास आणि तिच्या पुनरुज्जीवनाची अट

प्रचलित समज आणि त्यातील उणीव

ग्रामीण भागातील छोट्या रेल्वेमार्गांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांमध्येच फिरत राहते. एक टोक हिशेबाचे आहे: उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, गाडीचा वेग सायकलस्वारानेही मागे टाकावा असा, शेजारून एसटी आणि जीप धावतात, तेव्हा मार्ग बंद करावा हेच शहाणपणाचे. दुसरे टोक वारशाचे आहे: गाडी जुनी आहे, जंगल देखणे आहे, तेव्हा काचेच्या मोठ्या खिडक्यांचा डबा जोडावा, स्थानके रंगवावीत, पर्यटक येतील आणि मार्ग आपोआप तरेल. या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधी भासत असल्या, तरी त्यांच्या तळाशी एकच गृहीतक आहे, ते असे की मार्गाकाठी राहणारा माणूस हा त्या मार्गाच्या विचारातील मुख्य घटक नव्हे. पहिली भूमिका त्याला तोट्याच्या रकान्यातील आकडा मानते, तर दुसरी त्याला खिडकीबाहेरच्या देखाव्यात जमा करते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ग्रामीण पर्यटन-रेल्वे केवळ पर्यटनाच्या बळावर पुन्हा उभी राहू शकत नाही. ती आधी त्या प्रदेशाची दैनंदिन वाहतूक म्हणून उभी राहिली, तरच पर्यटनाचे उत्पन्न तिला आधार देऊ शकते. हे प्रतिपादन तपासण्यासाठी बिलीमोरा–वघई हा नॅरोगेज मार्ग निवडला आहे. हा मार्ग आज गुजरातच्या नवसारी ते डांग या पट्ट्यात मोडत असला, तरी नंदुरबार जिल्ह्याशी त्याचे नाते जवळचे आहे. नवापूर तालुक्याच्या सीमेपलीकडील डांगी मुलूख आणि अलीकडील खानदेशी मुलूख यांत भिल्ल, कोकणी, गावित या समाजांची सोयरीक, बाजार आणि मजुरीच्या वाटा राज्यसीमा आखली जाण्याच्या फार आधीपासून चालत आलेल्या आहेत. त्यामुळे या मार्गाचे भवितव्य हा नंदुरबारच्याही विचाराचा विषय आहे.

१. मार्ग कशासाठी घातला गेला

नॅरोगेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर नेहमीच्या ब्रॉडगेज मार्गापेक्षा बरेच कमी असलेला मार्ग. ब्रॉडगेजवर हे अंतर १६७६ मिलिमीटर असते, तर बिलीमोरा–वघई मार्गावर ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. रूळ जवळ असल्यामुळे वळणे तीव्र घेता येतात, भराव आणि पूल लहान पुरतात आणि बांधणीचा खर्च घटतो. मात्र वेग आणि वाहनक्षमता यांवर कायमची मर्यादा येते. बडोदा संस्थानाने ही पद्धत फार लवकर स्वीकारली होती. खंडेराव गायकवाडांच्या काळात १८६२ मध्ये डभोई–मियागाम हा भारतातील पहिला नॅरोगेज मार्ग सुरू झाला आणि त्यावरील डबे आरंभी बैल ओढत असत. पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या जाळ्याचा मोठा विस्तार झाला आणि १९१३ मध्ये बिलीमोरा–वघई मार्गावर गाडी धावू लागली. सुमारे ६३ किलोमीटरचा हा मार्ग गणदेवी, अनावल, उनाई-वांसदा रोड, डुंगरडा अशी स्थानके घेत सपाट बागायती प्रदेशातून डांगच्या वनप्रदेशात शिरतो.

या मार्गाच्या जन्माचे प्रमुख कारण लाकूड हे होते. डांगचे साग आणि बांबू यांवर ब्रिटिश सत्तेची नजर फार आधीच गेली होती. १८४० च्या दशकाच्या आरंभी तेथील भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि पुढे वनखात्याची पकड घट्ट होत गेली. जंगलातील लाकूड वघईला गोळा करून बिलीमोऱ्यापर्यंत आणि तेथून मुख्य मार्गाने मुंबई–अहमदाबादकडे पाठवणे, हे या रेल्वेचे पहिले काम होते. प्रवासी सेवा तिच्यासोबत आली आणि लोकांनी ती आपलीशी केली. परंतु मार्गाची आर्थिक रचना स्थानिक माणसाच्या गरजेतून नव्हे, तर प्रदेशाबाहेर माल नेण्याच्या गरजेतून झाली होती. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे, कारण ज्या मार्गाचा पाया बाहेरच्या मागणीवर घातला जातो, तो ती मागणी आटताच निराधार होतो. आज पर्यटन हीदेखील एक बाहेरचीच मागणी आहे, आणि केवळ तिच्या भरवशावर मार्ग उभा करणे म्हणजे १९१३ ची चूक नव्या रूपात करणे होय.

२. ऱ्हासाची चार कारणे

या मार्गाची उतरण समजून घेताना चार कारणे वेगळी करावी लागतात, कारण ती एकामागून एक आली आणि प्रत्येकाने पुढच्या कारणाला वाट करून दिली.

पहिले कारण मालवाहतुकीचा अंत हे आहे. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण यांनी जंगलाकडे लाकडाचे कोठार म्हणून पाहण्याची दृष्टी बदलली. तोडीवर निर्बंध आले आणि उरलेसुरले लाकूड ट्रकने जाऊ लागले. जंगलाच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता; परंतु रेल्वेने लाकडाच्या जागी दुसरा माल शोधला नाही. भात, नागली, आंबा, बांबूच्या वस्तू किंवा भाजीपाला यांच्यासाठी छोट्या स्थानकांवर लहान प्रमाणात माल स्वीकारण्याची सोय राहिली असती, तर मार्गाचा एक आधार तरी टिकला असता.

दुसरे कारण रस्त्यांची वाढ हे आहे. रस्ते पोहोचले, एसटी आणि खाजगी जीप दारापर्यंत येऊ लागल्या, आणि सुमारे तीन तासांत ६३ किलोमीटर कापणारी गाडी घाई असलेल्या माणसासाठी निरुपयोगी ठरली. तिसरे कारण तांत्रिक आहे. १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने सर्व मार्ग शक्यतो एकाच रुंदीचे करण्याचे धोरण हाती घेतले. मुख्य जाळ्यासाठी ते लाभदायक ठरले. मात्र नॅरोगेजची इंजिने, डबे, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कसबी कामगार या सगळ्यांची साखळी त्यामुळे आकसत गेली, आणि जे मार्ग अरुंदच राहिले ते तंत्रदृष्ट्या अनाथ झाले.

चौथे कारण वेळापत्रक हे आहे, आणि चर्चेत त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. गाड्यांची संख्या घटली की उरलेल्या गाडीच्या वेळा शाळा, कचेरी, रुग्णालय आणि बाजार यांच्या वेळांशी जुळेनाशा होतात. त्या जुळेनाशा झाल्या की प्रवासी घटतात. आणि प्रवासी घटले की गाडी आणखी कमी करण्यास कारण मिळते. या चक्राच्या शेवटी जो तोटा दाखवला जातो, तो लोकांनी रेल्वे नाकारल्याचा पुरावा मानला जातो, वास्तविक त्याआधी कित्येक वर्षे रेल्वेनेच लोकांच्या दिनक्रमाशी असलेली गाठ सोडलेली असते.

३. तोट्याचा हिशेब नेमका कशाचा

शाखा मार्गाच्या तोट्याविषयी बोलताना दोन प्रकारच्या खर्चांत फरक करणे आवश्यक आहे. रूळ, पूल, फाटके, सिग्नल आणि स्थानके यांची देखभाल हा स्थिर खर्च असतो. दिवसातून एक गाडी धावली काय आणि चार धावल्या काय, तो जवळपास तेवढाच राहतो. इंधन आणि चालक-गार्ड यांचा खर्च हा चल खर्च असतो; तो गाड्यांच्या संख्येनुसार वाढतो. ज्या मार्गावर स्थिर खर्चाचा वाटा मोठा असतो, तेथे गाड्या कमी केल्याने बचत थोडी होते आणि उत्पन्नाची हानी मोठी होते, कारण सगळा स्थिर खर्च आता एकट्या गाडीच्या माथी बसतो. त्यामुळे एका गाडीच्या मार्गाचा तोटा पाहून तो मार्ग मुळातच अव्यवहार्य आहे असा निष्कर्ष काढणे तर्कदृष्ट्या सदोष आहे.

दुसरा दोष असा की, शाखा मार्गाचे पोषकत्व हिशेबात धरले जात नाही. पोषकत्व म्हणजे शाखेवरून येऊन मुख्य मार्गावर पुढे जाणाऱ्या प्रवाशामुळे मुख्य मार्गाला मिळणारे उत्पन्न. वघईचा विद्यार्थी किंवा अनावलचा व्यापारी बिलीमोऱ्याहून सुरत वा मुंबईची गाडी पकडतो, तेव्हा त्याच्या तिकिटाचा मोठा भाग मुख्य मार्गाच्या खात्यात जमा होतो. शाखेच्या खात्यात मात्र चिल्लर राहते. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो शाखा मार्ग आणि स्थानके बंद करण्यात आली, तेव्हाही शाखेचा प्रवासी मुख्य मार्गापर्यंत मोटारीने येईल असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात मोटारीत बसलेला माणूस मोटारीनेच पुढे गेला आणि अपेक्षेइतकी बचत झाली नाही.

तिसरा दोष तुलनेचा आहे. एसटीचा वा जीपचा खर्च मोजताना रस्त्याच्या बांधणीचा आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या माथी मारला जात नाही, कारण तो सार्वजनिक बांधकाम विभाग उचलतो. रेल्वेला मात्र स्वतःचा मार्ग स्वतःच सांभाळावा लागतो आणि तो खर्च तिच्या तोट्यात मोजला जातो. दोन वाहतूकसाधनांची तुलना करायची, तर दोघांच्या खर्चांची व्याख्या एकच असली पाहिजे. हे मान्य केल्यावरही बिलीमोरा–वघई मार्ग नफ्यात येईल असे नव्हे; मात्र त्याचा तोटा हा सार्वजनिक सेवेचा खर्च म्हणून पाहता येईल, आणि मग प्रश्न बंद करावा की नाही असा न राहता, हा खर्च कोणी उचलावा आणि त्याच्या मोबदल्यात लोकांना काय मिळावे, असा होईल.

४. २०२१ चे पुनरुज्जीवन आणि त्याची मर्यादा

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात वघईची गाडीही थांबली. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातमधील काही अलाभकारी शाखा मार्गांवरील सेवा कायमची बंद करण्याचा विचार रेल्वे प्रशासनाने पुढे आणला आणि त्या यादीत हा मार्ग होता. स्थानिक आदिवासी समाज आणि लोकप्रतिनिधी यांनी त्याला विरोध केला. अखेरीस ४ सप्टेंबर २०२१ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी तिला मोठ्या काचांचा वातानुकूलित पर्यटक डबाही जोडण्यात आला. वघईजवळचा गिरा धबधबा, तेथील वनस्पती उद्यान, उनाईचे उष्ण झरे आणि पुढे रस्त्याने सापुताऱ्याचे थंड हवेचे ठिकाण अशी पर्यटनाची साखळी या मार्गावर सहज जुळते, त्यामुळे या कल्पनेत तथ्य आहे.

तथापि या घटनेचा जो अर्थ सर्वत्र लावला गेला, तो अपुरा आहे. पर्यटक डब्याने मार्ग वाचवला असे म्हटले गेले. वास्तविक मार्ग वाचला तो त्यावर हक्क सांगणाऱ्या स्थानिक लोकांमुळे, आणि पर्यटक डबा त्यानंतर आला. ज्या मार्गासाठी निवेदन देणारे, आंदोलन करणारे, विधानसभेत आवाज उठवणारे लोक उरलेले नसतात, तो मार्ग कितीही देखणा असला तरी मुकाट्याने बंद होतो. दुसरे असे की, पुन्हा सुरू झालेल्या गाडीची वेळ सकाळी बिलीमोऱ्याहून निघून दुपारी वघईस पोहोचण्याची आणि संध्याकाळपर्यंत परतण्याची ठेवण्यात आली. मुंबई–सुरतेकडून एका दिवसाच्या सहलीसाठी येणाऱ्याला ही वेळ सोयीची आहे. परंतु वघईच्या रहिवाशाला सकाळी बिलीमोऱ्यास जाऊन काम आटोपून त्याच दिवशी घरी परतायचे असेल, तर या गाडीचा त्याला काहीही उपयोग नाही. गाडीचे तोंड शहराकडे आहे, गावाकडे नाही, हे वेळापत्रकावरूनच स्पष्ट होते. अशा पुनरुज्जीवनाने मार्ग चालू राहतो. मात्र ज्या लोकांनी तो वाचवला त्यांचे त्याच्याशी असलेले नाते दरवर्षी सैल होत जाते आणि पुढच्या संकटात त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी उरत नाही.

५. इतरत्र काय टिकले आणि का

महाराष्ट्रातील अनुभव याच निष्कर्षाकडे नेतो. नेरळ–माथेरान मार्ग १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारला आणि तो देशातील प्रसिद्ध पर्वतीय रेल्वेंपैकी एक आहे. २००५ च्या अतिवृष्टीने, २०१६ च्या रुळावरून घसरण्याच्या घटनांनी आणि २०१९ च्या पावसाळ्यातील हानीने तो पुन्हापुन्हा बंद पडला. २०१९ नंतरची दुरुस्ती कोणत्या क्रमाने झाली हे पाहण्यासारखे आहे: अमन लॉज ते माथेरान हा छोटा तुकडा त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाला, तर नेरळ ते अमन लॉज हा निसर्गदृश्यांनी संपन्न असलेला घाटातील भाग ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे रहिवाशांना, त्यांच्या सामानाला आणि पाहुण्यांना गाडीची गरज आहे. नेरळ ते दस्तुरी या अंतरासाठी मात्र रस्त्याने टॅक्सी मिळते. म्हणजे देखावा थांबू शकला, पण गरज थांबू शकली नाही.

याउलट खानदेशातील पाचोरा–जामनेर मार्ग पाहता येईल. सुमारे ५६ किलोमीटरची ही नॅरोगेज रेल्वे, जिला लोक ‘पी.जे.’ म्हणून ओळखत, २०२० मध्ये थांबली. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून ती बोदवडपर्यंत वाढवण्याची योजना मंजूर झाली. कापूस, केळी आणि दाट वस्ती असलेल्या सपाट प्रदेशासाठी हे योग्य धोरण आहे. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतला’ नावाने परिचित असलेल्या मार्गांची स्थिती तिसऱ्या प्रकारची आहे: मालकी एका खाजगी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी सरकारी रेल्वे, अशा दुहेरी व्यवस्थेत देखभालीची जबाबदारी कोणाची हेच धूसर झाले आणि कापसासाठी घातलेले हे मार्ग झिजत गेले.

परदेशातील दोन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. तैवानमधील अलिशान वनरेल्वे ७६२ मिलिमीटर रुंदीचीच आहे आणि तीही जपानी राजवटीत, १९१० च्या दशकात, जंगलातील लाकूड खाली आणण्यासाठी घातली गेली. २००९ च्या मोराकोट वादळात ती उद्ध्वस्त झाल्यावर पूर्ण मार्ग २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. पंधरा वर्षे हा प्रयत्न चालू राहू शकला, कारण राज्यसंस्थेने ती रेल्वे वनव्यवस्थापनाचा आणि सार्वजनिक वारशाचा भाग मानली आणि तिच्या खर्चाची जबाबदारी स्वीकारली. दुसरे उदाहरण जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील सान्रिकु रेल्वेचे आहे. राष्ट्रीय रेल्वेने सोडून दिलेल्या मार्गांवर १९८४ मध्ये प्रांतिक सरकार, किनाऱ्यावरील नगरपालिका आणि खाजगी भागधारक यांनी मिळून ही कंपनी उभारली; अशा संमिश्र मालकीला तेथे ‘तिसरे क्षेत्र’ म्हणतात. २०११ च्या त्सुनामीत मार्गाची प्रचंड हानी झाली, तरी २०१४ पर्यंत तो पुन्हा जोडला गेला. पर्यटकांना ती गाडी आवडते, पण तिचे पहिले प्रवासी म्हणजे शाळकरी मुले आणि वृद्ध माणसे.

६. नंदुरबारच्या बाजूने पाहता

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. शेजारच्या डांगमध्ये ते सुमारे ९५ टक्के आहे. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा सुरतहून भुसावळकडे जाणारा मार्ग जिल्ह्यातून जातो, पण तो नवापूर आणि नंदुरबार या दोन तालुक्यांपुरताच. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव यांना रेल्वे नाही. या मार्गावरील उधना–जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरण २०१९ मध्ये पूर्ण होऊन लोकार्पित झाले. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांना वाव मिळाला. चिंचपाडा, खांडबारा यांसारख्या छोट्या स्थानकांवरील प्रवाशाला या वाढलेल्या क्षमतेतून किती सेवा मिळते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला पाहिजे.

या जिल्ह्याचे पर्यटन विखुरलेले आहे. तोरणमाळचे पठार, तापी-गोमाई संगमावरचे प्रकाशे, दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार, दिवाळीच्या दिवसांतील अस्तंब्याची यात्रा, काठीची होळी ही सर्व ठिकाणे रेल्वेपासून दूर आणि एकमेकांपासूनही दूर आहेत. अशा प्रदेशात नवे रूळ घालून पर्यटन आणण्याचे स्वप्न पाहण्यापेक्षा असलेले रूळ जोडून घेणे अधिक व्यवहार्य आहे. बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत नॅरोगेज, वघईहून आहव्यामार्गे नवापूरपर्यंत बस, आणि नवापूरहून ताप्ती व्हॅली मार्गाने सुरतेकडे परत, असे एक वर्तुळ नकाशावर आधीच तयार आहे. त्यातील दोन्ही रेल्वेमार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाखाली येतात, म्हणजे हा निर्णय दोन रेल्वे विभागांच्या वाटाघाटींत अडकण्याचे कारण नाही. नवापूर स्थानकाचा फलाट तर दोन राज्यांत विभागलेला आहे. सीमा ओलांडणारी वाहतूक ही तेथे रोजची गोष्ट आहे.

या वर्तुळावरचा पहिला प्रवासी मात्र पर्यटक नसून मजूर आहे. दिवाळीनंतर नंदुरबार आणि डांगमधील हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जातात. गणदेवी हे या नॅरोगेज मार्गावरील स्थानकच साखर कारखान्याचे गाव आहे. ही कुटुंबे मुकादमांमार्फत, बिऱ्हाडासह, मुलाबाळांसह ट्रकमध्ये भरून नेली जातात. हंगामाच्या काळात सुरक्षित आणि स्वस्त रेल्वे उपलब्ध असणे, ही त्यांच्यासाठी सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण ज्या मजुराला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळी घरी परतता येते, त्याची मुकादमावरची अवलंबिता थोडी का होईना कमी होते.

७. पुनरुज्जीवनाच्या चार अटी

वरील विवेचनातून चार अटी निघतात. पहिली, वेळापत्रकाची: सकाळी वघईहून निघून संध्याकाळी वघईस परतणारी एक फेरी अनिवार्य मानावी आणि पर्यटकांची फेरी तिच्या जोडीला असावी. स्थिर खर्च आधीच होत असल्यामुळे वघईहून निघणाऱ्या या नव्या फेरीचा वाढीव खर्च तुलनेने मर्यादित राहील. दुसरी, हिशेबाची: पर्यटक डब्याचे भाडे बाजारभावाने घ्यावे, साध्या डब्याचे भाडे परवडणारे ठेवावे, आणि पहिल्याच्या उत्पन्नातून दुसऱ्याच्या खर्चाला हातभार लावण्याची तरतूद लेखी असावी. जी तूट उरेल, तिच्यासाठी राज्य सरकारने रेल्वेशी मुदतबंद सेवाकरार करावा, ज्यात फेऱ्यांची संख्या, वक्तशीरपणा आणि डब्यांची स्थिती यांचे निकष नमूद असतील.

तिसरी अट मालकीभावाची आहे. डांग संपूर्णपणे आणि नंदुरबारचे नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव) हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना संसाधनांविषयी निर्णयाचे अधिकार दिले आहेत. स्थानकालगतची विक्रीकेंद्रे, मार्गदर्शकांचे काम, मुक्कामाच्या घरांची नोंदणी यांत ग्रामसभा आणि महिला बचतगट यांना प्रथम हक्क असावा. नागली, बांबूकाम, भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ, नंदुरबारची मिरची या वस्तू मार्गावर विकल्या गेल्या, तर पर्यटकाचा खर्च प्रदेशात राहील. चौथी अट तंत्राची आहे: नॅरोगेजची इंजिने आणि डबे दुरुस्त करणारे कौशल्य देशात जेथे जेथे शिल्लक आहे, ते एकत्र करून उरलेल्या सर्व अरुंद मार्गांसाठी एक सामाईक कार्यशाळा राखली पाहिजे, कारण प्रत्येक मार्ग सुटा राहिला, तर सुट्या भागांअभावीच तो संपेल.

८. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की, केवळ पर्यटनावर चालणाऱ्या रेल्वे जगात आहेत. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळची पफिंग बिली रेल्वे, जिची रुंदी वघईच्या रेल्वेइतकीच आहे, १९५३ मध्ये दरड कोसळून खंडित झाली आणि १९६२ मध्ये हौशी लोकांच्या संस्थेने तिला पुन्हा चालू केले. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु त्यांच्यामागे पफिंग बिलीच्या बाबतीत मोठ्या शहराचे सान्निध्य, आणि दोहोंच्या बाबतीत निवृत्त आणि सुस्थित स्वयंसेवकांचा मोठा वर्ग आणि मोटारींनी भरलेल्या समाजाची जुन्या गाड्यांविषयीची ओढ या तीन गोष्टी आहेत. पफिंग बिलीलाही पुढे १९७७ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक मंडळाचा आधार घ्यावा लागला. ज्या समाजाला गाडी अजून दवाखान्यात आणि शाळेत जाण्यासाठी हवी आहे, तेथे ही प्रारूपे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

दुसरा आक्षेप, ब्रॉडगेज हाच खरा उपाय आहे. सपाट आणि मालवाहू प्रदेशात तो मान्यच आहे. पण डांगच्या वनक्षेत्रात रुंदीकरणासाठी नवे भूसंपादन, वनमंजुरी आणि कित्येक वर्षांचा खंड लागेल, आणि त्या खंडात प्रवासी कायमचे दुसरीकडे वळतील. रुंदीकरण करायचेच असेल, तर त्याच्या काळातील पर्यायी सेवेची हमी ही योजनेचा भाग असली पाहिजे.

तिसरा आक्षेप, बसने हेच काम स्वस्तात होते. बस लवचीक आहे आणि रेल्वेच्या पुढच्या टप्प्यासाठी ती अत्यावश्यकच आहे. प्रस्तावित वर्तुळातील मधला भाग तिच्यावरच अवलंबून आहे. परंतु बाजाराच्या टोपल्या, बिऱ्हाड, आजारी आणि वृद्ध माणसे यांना सामावून घेण्याची क्षमता रेल्वेच्या डब्यात अधिक आहे, आणि जेथे रूळ आधीच घातलेले आहेत तेथे ते उखडून तेवढीच क्षमता रस्त्यावर निर्माण करणे स्वस्त पडते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: पर्यटन आदिवासी मुलखाला बाजार बनवते आणि जंगलाची नासाडी करते. ही भीती अनाठायी नाही. मात्र मोटारींनी येणारे पर्यटन अमर्याद असते, तर रेल्वेने येणारे पर्यटन डब्यांतील आसनांइतकेच असते. संख्येवर मर्यादा घालायची असेल, तर तिकीट हे सर्वांत सोपे साधन आहे. माथेरानने मोटारी रोखून जे साधले, ते वनप्रदेशातील रेल्वेच्या बाजूने बोलणारे आहे. शिवाय ज्या गाडीत पर्यटकाच्या शेजारच्या डब्यात गावकरी आपल्या कामासाठी प्रवास करीत असतो, त्या गाडीत गावकरी प्रदर्शनाची वस्तू होण्याचा धोका कमी असतो, कारण तो तेथे स्वतःच्या हक्काने बसलेला असतो.

निष्कर्ष

बिलीमोरा–वघई मार्गाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात त्याला दोन आधार मिळाले: आरंभी सागाच्या लाकडाची मागणी, आणि आता पर्यटकाची हौस. या दोन्ही आधारांचा उगम प्रदेशाबाहेर आहे आणि दोन्ही प्रदेशाच्या हाताबाहेर आहेत. तिसरा आधार, म्हणजे त्या मार्गाकाठी राहणाऱ्या, शिकणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या माणसाची रोजची गरज, ही नेहमीच अस्तित्वात होती, पण तिला वेळापत्रकात आणि हिशेबात कधीच पहिले स्थान मिळाले नाही. रेल्वे प्रशासनाने आणि दोन्ही राज्य सरकारांनी या मार्गाचे यश पर्यटक डब्यातील भरलेल्या आसनांवरून मोजणे थांबवावे आणि वघईचा रहिवासी त्या गाडीने एका दिवसात जाऊन काम करून परत येऊ शकतो का, या एका कसोटीवर ते मोजावे. या कसोटीला जी रेल्वे उतरेल, तिला पर्यटकही लाभतील आणि संकटात पाठीशी उभे राहणारे लोकही; जी उतरणार नाही, तिचा पर्यटक डबा कितीही सुंदर असला, तरी तिचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणता येणार नाही.